सूर यंत्राचा, कौल नाचणाऱ्यांचा

१९८२ साली मुंबईत एक विलक्षण रेकॉर्ड तयार झाली. नाव 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट', प्रकाशक एचएमव्ही, वादक चरणजित सिंग. सिंग हे हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांतले जुनेजाणते वादक. भैरव, ललत, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग त्यांनी जपानच्या रोलँड कंपनीच्या तीन यंत्रांवर बांधले होते : सुरावटीसाठी ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, खर्जासाठी टीबी-३०३ आणि ठेक्यासाठी टीआर-८०८ हे ड्रम मशीन. रेकॉर्ड फारशी खपली नाही आणि विस्मृतीत गेली. १९८७ मध्ये शिकागोच्या 'फ्यूचर' या तिघा तरुणांच्या गटाची 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' बाजारात आली. तिचाही सगळा डोलारा टीबी-३०३च्या आवाजावर उभा होता, आणि तिच्यामागोमाग 'अ‍ॅसिड हाऊस' नावाचा अख्खा संगीतप्रकार पसरला. २०१० मध्ये एका डच संग्राहकाने सिंग यांची रेकॉर्ड पुन्हा प्रकाशित केली, तेव्हा दोन्हींतलं साम्य ऐकून पाश्चात्त्य रसिक चक्रावले आणि अ‍ॅसिड हाऊसचा खरा जनक मुंबईत होता, असं बोललं जाऊ लागलं. आपल्याला सुखावणारा हा दावा जरा तपासून पाहायला हवा. यंत्र तेच, हात कसलेले, वेळही आधीची. तरी नव्या संगीताचा प्रवाह मुंबईत सुरू झाला नाही, शिकागोत झाला. नृत्यसंगीताच्या आरंभकाळातले पुरावे पाहिले, तर याचं कारण दिसतं. हे संगीत केवळ यंत्राने घडवलेलं नाही आणि केवळ एकेकट्या प्रतिभावंतानेही नाही. यंत्राशी खटपट करणारा आणि त्याला रातोरात कौल देणारी नाचणारी गर्दी, हे दोघे जिथे समोरासमोर आले, तिथे ते रुजलं.

आधी यंत्राची बाजू पाहू, कारण 'सगळं यंत्रच तर करतं' हा या संगीतावरचा सर्वांत जुना आक्षेप आहे. १९७७ मध्ये जॉर्जिओ मोरोडर आणि पीट बेलॉट या निर्मात्यांनी म्युनिकमध्ये डॉना समरसाठी 'आय फील लव्ह' हे गाणं केलं. ज्या अल्बममध्ये ते आहे, त्यातली गाणी वेगवेगळ्या दशकांची आठवण करून देणारी होती आणि हे शेवटचं गाणं भविष्यकाळासाठी राखलेलं. त्यासाठी वापरलेला भलामोठा मूग सिंथेसायझर फार लहरी होता. थोडा वेळ चालला की सूर सोडायचा. म्हणून लहानलहान तुकडे मुद्रित करायचे, पुन्हा सुरात लावायचा, पुन्हा पुढचा तुकडा घ्यायचा, असं काम चाललं. त्याला टेपच्या लयीशी जोडण्याची युक्ती रॉबी वेडेल या तंत्रज्ञाची. खर्जाचा प्रत्येक ठोका एका कानात आणि क्षणभराने त्याचा प्रतिध्वनी दुसऱ्या कानात, अशी रचना केल्यामुळे साधी सुरावट दुप्पट वेगाने धावल्याचा भास होतो. एवढं करूनही यंत्राच्या ढोलात दम नव्हता, म्हणून पायाने वाजवायचा मोठा ड्रम कीथ फोर्सी या वादकाने प्रत्यक्ष वाजवला. यंत्रसंगीताचा आद्य नमुना मानल्या गेलेल्या या गाण्यात निर्णय पदोपदी माणसांचेच आहेत.

मात्र मोरोडरचा तो मूग, किंवा ड्युसेलडॉर्फच्या 'क्राफ्टवेर्क'ने स्वतःच्या 'क्लिंग क्लांग' स्टुडिओत जमवलेली सामग्री, सामान्य तरुणाच्या आवाक्यातली नव्हती. ती दरी रोलँडच्या अपयशाने बुजवली, ही या इतिहासातली मोठी गंमत. इकुतारो काकेहाशी यांनी १९७२ मध्ये ओसाकात ही कंपनी स्थापन केली. १९८०चं टीआर-८०८ खऱ्या ड्रमसारखं वाजत नाही अशी तक्रार होती. सुमारे १२,००० नग बनवून १९८३ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं. तादाओ किकुमोतो यांनी घडवलेलं टीबी-३०३ तर घरी एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला बास गिटारची साथ मिळावी म्हणून काढलेलं होतं. ते बास गिटारसारखं मुळीच वाजत नसे, आणि त्यात सूर भरायची रीत भलतीच किचकट : सुरांची उंची एकदा भरायची, त्यांचा काळ वेगळा भरायचा. तेही काही वर्षांतच बंद पडलं. नव्या वस्तू म्हणून पडलेली ही यंत्रं जुन्या सामानाच्या दुकानांत मातीमोल भावाने मिळू लागली, आणि ज्यांच्या खिशात वादक किंवा स्टुडिओ भाड्याने घेण्याइतके पैसे नव्हते, त्यांच्या हाती पडली.

ती शिकागोत कामी का आली, याला तिथली परिस्थिती कारण आहे. 'द वेअरहाऊस' हा क्लब १९७७ मध्ये सुरू झाला. तिथे येणारे बहुतेक जण कृष्णवर्णीय आणि लॅटिनो होते, त्यांतले पुष्कळ समलिंगी. न्यूयॉर्कहून आलेला फ्रँकी नकल्स त्यांचा डीजे. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्याच कोमिस्की पार्क या बेसबॉल मैदानावर एका रेडिओ निवेदकाच्या पुढाकाराने डिस्कोच्या रेकॉर्डचा ढीग स्फोटाने उडवण्यात आला आणि पुढे दंगल उसळली. डिस्कोची फॅशन ओसरत गेली, मोठ्या कंपन्यांनी हात आखडता घेतला. पण नाचायला येणाऱ्यांची रात्र काही संपली नव्हती. त्यांना नवा माल हवा होता. मग नकल्सने जुनी गाणी टेपवर कापून, जोडून लांबवली, पुढे त्यांच्याखाली ड्रम मशीनचा ठेका घातला. मागणी आहे आणि पुरवठा नाही, या पेचातून हाऊस संगीत निघालं. १९८४ची जेसी साँडर्सची 'ऑन अँड ऑन' ही साधारणपणे त्या प्रकारातली पहिली प्रसिद्ध झालेली रेकॉर्ड मानतात. पाठोपाठ १९८६ मध्ये पोस्टात नोकरी करणाऱ्या मार्शल जेफरसनने 'मूव्ह युअर बॉडी'मध्ये पियानो आणला, आणि मुळात ड्रमवादक असलेल्या लॅरी हर्डने 'मिस्टर फिंगर्स' या नावाने 'कॅन यू फील इट' केली. संथ पसरणारे सूर आणि खाली डोलणारा खर्ज एवढ्याच ऐवजावर उभी असलेली ही रचना यंत्रसंगीत कोरडंच असतं, या समजुतीला आजही पुरेसं उत्तर आहे.

'अ‍ॅसिड ट्रॅक्स'ची कहाणी तर या दोन बाजूंची भेट अगदी जवळून दाखवते. फ्यूचरमधल्या स्पँकीने एक जुनं टीबी-३०३ विकत आणलं. त्याच्यावर ओळीने काही नॉब असतात. आवाजातला वरचा भाग कुठे छाटायचा ते एक ठरवतो. जिथे छाट बसते, तिथला नाद किती टोकदार करायचा ते दुसरा. रोलँडच्या कल्पनेत हे नॉब सरावाआधी एकदा जुळवून सोडून द्यायचे होते. त्याचा गटातला साथीदार डीजे पिएर मात्र सुरावट चालू असतानाच ते फिरवत राहिला, आणि खर्जाचं यंत्र चिरकू, घुसमटू, किंचाळू लागलं. हे मुद्रण त्यांनी 'म्युझिक बॉक्स' क्लबचा डीजे रॉन हार्डी याला दिलं. पिएरने सांगितलेल्या हकिगतीनुसार पहिल्यांदा ते वाजलं तेव्हा लोक नाच सोडून बाजूला झाले. हार्डीने त्याच रात्री ते पुन्हा लावलं, मग तिसऱ्यांदा लावलं. चौथ्या वेळी गर्दी बेभान झाली. जेफरसनच्या देखरेखीखाली रेकॉर्ड बाजारात आली ती त्यानंतर, अकरा मिनिटांहून लांब. यावर कोणी म्हणेल, हा तर निव्वळ योगायोग. नॉब चुकून फिरला आणि आवाज निघाला. पण चुकीचा आवाज हजारो यंत्रांतून हजारो घरांत निघालाच असणार. तो टाकून न देता अकरा मिनिटं ताणून धरणं ही निवड होती, आणि नापसंती दिसत असूनही चारदा लावणं ही दुसरी निवड. योगायोगाने मिळाला तो कच्चा माल.

या युक्तिवादाला सर्वांत अवघड जातं ते डेट्रॉइट. तिथल्या टेक्नो संगीताचे तीन आद्य शिल्पकार, हुआन अ‍ॅटकिन्स, डेरिक मे आणि केविन साँडरसन, जवळच्या बेलव्हिल गावच्या एकाच शाळेतले. अ‍ॅटकिन्सला क्राफ्टवेर्कच्या संगीताच्या आणि अ‍ॅल्विन टॉफलर यांच्या भविष्यवेधी पुस्तकांच्या नादाने नवं काही सुचत गेलं. १९८५ची 'नो यूएफओज' ही 'मॉडेल ५००' या नावाने केलेली रेकॉर्ड त्यातून आली. १९८७ची डेरिक मेची 'स्ट्रिंग्ज ऑफ लाइफ' नाचासाठी असूनही तिला खर्जाची ओळच नाही. हे खोलीत बसून विचार करणाऱ्यांचं संगीत नव्हे का? काही अंशी आहे. पण हे तिघे पोकळीत वाढले नव्हते. डेट्रॉइटच्या रेडिओवर 'इलेक्ट्रिफाइंग मोजो' हा निवेदक क्राफ्टवेर्क आणि फंक एकाच बैठकीत ऐकवत असे. तरुणांच्या पार्ट्यांत ते स्वतः रेकॉर्ड वाजवत. मे शिकागोच्या क्लबांत जाऊन आला, इतकंच नव्हे तर त्याने एक टीआर-९०९ ड्रम मशीन फ्रँकी नकल्सला विकलं. शिवाय टेक्नो हे वेगळं संगीत म्हणून ओळखलं गेलं ते १९८८ मध्ये ब्रिटनमध्ये निघालेल्या संकलनातून, म्हणजे तिथले क्लब भरून वाहू लागले तेव्हा. मँचेस्टरचा 'अ गाय कॉल्ड जेराल्ड' त्याच वर्षी 'व्हूडू रे' घेऊन आला. डेट्रॉइटचा अपवाद नियम मोडत नाही. एका शहराची कल्पना दुसऱ्या शहराच्या नाचाने तगवली, एवढीच भर घालतो.

आता मुंबईकडे येऊ. सिंग यांच्या रेकॉर्डची जात कमी नाही. टीबी-३०३मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे आणि ती त्यांनी मींडेच्या जवळ नेली. रागाला लागणारा स्थिर षड्ज आणि नृत्याला लागणारा न हलणारा ठेका एकमेकांत मुरवले. पण तेव्हा मुंबईत डिस्को म्हणजे चित्रपटातलं गाणं : १९८०च्या 'कुर्बानी'तलं बिद्दू यांचं 'आप जैसा कोई', मग १९८२चा 'डिस्को डान्सर'. लोक गाणं ऐकत ते नटाच्या, गायिकेच्या ओढीने. विनागाण्याची, दहा रागांची रेकॉर्ड रात्रभर फिरवून पाहील असा डीजे आणि तिला प्रतिसाद देईल असा फ्लोअर तिच्या वाट्याला आला नाही. रेकॉर्ड निघाली की वादकाचं काम संपलं. दुसरी आवृत्ती, दुसऱ्या कुणाचं उत्तर, पुढची सुधारणा, हे काहीच घडलं नाही. उलट त्याच दशकात गोव्यात हणजूणच्या किनाऱ्यावर परदेशी प्रवाशांचा फ्लोअर जमलेला होता. तिथले डीजे युरोप-अमेरिकेतून आलेल्या गाण्यांतला गायनाचा भाग काढून कॅसेटवर जोडकाम करत, आणि त्या आवडीतून पुढे 'गोवा ट्रान्स' हा प्रकार जगभर गेला. मुंबईत रेकॉर्ड होती, फ्लोअर नव्हता; गोव्यात फ्लोअर होता, संगीत आयात केलेलं. दोन्ही एका रात्रीच्या प्रवासावर, पण गाठ पडली नाही. सिंग यांना श्रेय नाकारलं गेलं ते भारतीय म्हणून, या तक्रारीत दुर्लक्षापुरतं तथ्य असेलही. परंतु शिकागोच्या तरुणांपर्यंत त्यांची रेकॉर्ड पोचल्याचा पुरावा नाही. ज्या संततीशी संबंध नाही, तिचं पितृत्व त्यांच्यावर लादून त्यांचा मान वाढत नाही. उलट रागदारी आणि डिस्को यांचं त्यांनी केलेलं नेमकं काम झाकलं जातं.

राहिला तो पुनरावृत्तीचा आक्षेप : तेच ते चार ठोके दहा मिनिटं कोण ऐकणार? १९९४ मध्ये ब्रिटिश संसदेने मैदानांवरच्या अशा पार्ट्यांना आळा घालणारा कायदा केला, तेव्हा त्यातही एकामागोमाग एक येणाऱ्या ठोक्यांचं वर्णन आलं होतं. पण एकलवादनात तबल्याला साथ देणारा लेहरा आठवा. पेटीवर तीच ओळ तासभर फिरते आणि कोणी तिला कंटाळवाणी म्हणत नाही, कारण लक्ष लेहऱ्यावर नसतं. त्याच्या आधाराने काय बदलतं आहे, यावर असतं. हाऊस आणि टेक्नोमध्ये ठेका हाच लेहरा आहे. त्याच्यावर बदलतो तो नादाचा पोत : आवाज उघडतो, मिटतो, टोकदार होतो, एखादा थर निघून जातो आणि परत येतो. हे बदल शब्दांच्या अपेक्षेने ऐकणाऱ्याच्या हाती लागत नाहीत. चालू ठेक्यावर पाय हलवणाऱ्याला ते आपसूक कळतात, म्हणूनच या संगीताचा पहिला परीक्षक नाचणाराच ठरला.

आज टीबी-३०३ आणि टीआर-८०८ यांच्या हुबेहूब नकला मोबाइलवर चालतात, आणि दुकानांत धूळ खात पडलेली मूळ यंत्रं संग्राहक चढ्या भावाने घेतात. साधनांची टंचाई संपली आहे. तरीही नवा संगीतप्रकार रोज जन्मत नाही, यावरून साधन ही अर्धीच गरज होती हे उघड आहे. म्हणून अ‍ॅसिड हाऊसचं श्रेय वाटायचंच झालं, तर ते किकुमोतोंना यंत्रासाठी, फ्यूचरच्या तिघांना चुकीचा आवाज ओळखण्यासाठी, हार्डीला चिकाटीसाठी आणि म्युझिक बॉक्समधल्या अनाम नाचणाऱ्यांना चौथ्यांदा होकार देण्यासाठी वाटावं लागेल. चरणजित सिंग यांचं श्रेय स्वतंत्र आहे. आपल्याकडे आजही कुणी असं काही वेगळं करत असेल, तर त्याला 'पहिला' ठरवण्याची घाई करण्यापेक्षा त्याचं संगीत पुन्हा पुन्हा वाजवून पाहणारी जागा उपलब्ध करून देणं जास्त उपयोगाचं.