चहागृहाकडे जाणारी वाट

जपानी चहाविधी, म्हणजे ‘चानोयू’, सुरू होतो तो बागेत. चहागृहाकडे नेणाऱ्या या बागेला ‘रोजी’ म्हणतात. पुण्यातले पु. ल. देशपांडे उद्यान ज्या ओकायामाच्या कोराकुएनवरून घडवले, तशा बागा तळी आणि हिरवळ पाहत हिंडण्यासाठी असतात. रोजी मात्र मुळात एक वाट आहे. शहरातल्या घरामागच्या चिंचोळ्या जागेतही ती मावते. रस्त्यावरची गडबड पाहुण्याच्या मनातून उतरवणे हे तिचे काम, आणि तिच्यातला एकेक दगड त्याच कामाला लावलेला असतो.

चहाचे बी ११९१ मध्ये झेन भिक्षू एइसाई यांनी चीनहून आणले, असे मानतात. पुढे सरदार-उमरावांच्या बैठकींत चहापेक्षा उंची चिनी भांड्यांचाच थाट वाढला. मुराता जुको, ताकेनो जोओ आणि साकाई या व्यापारी शहरातले सेन नो रिक्यू (१५२२-१५९१) यांनी चहाला साधेपणाकडे वळवले. क्योतोजवळ यामाझाकी येथे रिक्यूंचे मानले जाणारे ‘ताइआन’ हे चहागृह आजही आहे. त्याची मुख्य खोली अवघ्या दोन तातामी चटयांची. सोन्याने मढवलेले चहाघर बांधून घेणाऱ्या तोयोतोमी हिदेयोशी या सत्ताधीशाच्या पदरी राहून रिक्यूंनी हा साधेपणा जपला. त्याच हिदेयोशीच्या हुकमावरून १५९१ मध्ये त्यांना प्राण द्यावे लागले.

रोजीचे सहसा दोन भाग असतात, बाहेरचा आणि आतला; मध्ये एक साधे फाटक. बाहेरच्या भागात छपराखालच्या बाकावर पाहुणे यजमानाची वाट पाहतात. पुढची वाट सुट्या दगडांची. दगड असे मांडलेले असतात की पाऊल जपूनच टाकावे लागते, आणि चाल आपोआप मंदावते. जिथे जायचे नाही, तिथे काळ्या सुंभाने आडवा-उभा बांधलेला मुठीएवढा दगड ठेवतात. ना पाटी, ना कुंपण. तेवढी खूण पुरते. झाडे बहुतेक सदाहरित, खाली शेवाळ. भडक किंवा उग्र वासाची फुले टाळतात, कारण चहागृहात मांडलेल्या एखाद्याच फुलाकडे लक्ष जावे. पाहुणे येण्याआधी वाटेवर पाणी शिंपडतात.

वाटेत दगडी कुंड लागते, ‘त्सुकुबाई’. ते मुद्दाम बुटके असते. वाकून, बांबूच्या ओगराळ्याने पाणी घेऊन हात धुवायचे आणि चूळ भरायची. रिक्यूंनी साकाईच्या एका बागेत समुद्र झाडांआड दडवला होता आणि तो फक्त कुंडापाशी वाकल्यावरच दिसे, अशी आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, रोजीचे मर्म तिच्याइतके नेमके क्वचितच कुणी सांगितले असेल.

चहागृहाचे दार, ‘निजिरिगुची’, जेमतेम ६५ सेंटीमीटर उंच. सामुराईलाही तलवार बाहेर ठेवून गुडघ्यांवर सरकतच आत यावे लागे.

पूर्ण विधीला सुमारे चार तास लागतात. हिवाळ्यात आधी निखारे रचले जातात, मग ‘काइसेकी’ हे मोजके जेवण आणि गोड पदार्थ. त्यानंतर पाहुणे पुन्हा बागेत जातात. तेवढ्यात यजमान भिंतीवरचा लेखपट उतरवून त्या जागी फूल मांडतो. पाहुणे परतले की दाट चहा, ‘कोइचा’. तो एकाच वाडग्यातून सगळे आळीपाळीने पितात. शेवटी पातळ चहा, ‘उसुचा’. ‘माच्चा’ची हिरवी पूड आणि गरम पाणी बांबूच्या, एकाच तुकड्यातून चिरून केलेल्या घुसळणीने एकजीव करतात. वाडग्याची दर्शनी बाजू पाहुण्याकडे ठेवलेली असते. पाहुणा तो फिरवून दुसऱ्या बाजूने पितो आणि नंतर वाडगा निरखून पाहतो.

बागेची रीत पुढे बदलत गेली. रिक्यूंनी दगडी वाटेत चालण्याची सोय सहा हिस्से आणि शोभा चार हिस्से मानली, तर त्यांचे शिष्य फुरुता ओरिबे यांनी हे प्रमाण उलटे केले, असे परंपरा सांगते. कोबोरी एन्शू (१५७९-१६४७) यांनी दरबारी डौल आणला. रिक्यूंची घराणी मात्र क्योतोत टिकून आहेत: त्यांच्या पणतूंपासून सुरू झालेली ओमोतेसेन्के, उरासेन्के आणि मुशाकोजीसेन्के. तिन्ही घराण्यांत चहाचे शिक्षण आजही दिले जाते.