आघातानंतरचे तुटलेपण

जिवावर बेतलेल्या प्रसंगी लढणे किंवा पळणे हाती नसेल, तर शरीर थिजते आणि भावना बधिर होतात. त्या घटकेला हे संरक्षणच असते. पण प्रसंग सरल्यावरही बधिरता उतरली नाही, तर माणूस स्वतःला परका होतो. जेवणाची चव कळत नाही, रडू येत नाही, आपलेच हातपाय दुसऱ्याचे वाटतात.

नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात २१ एप्रिल २०२१ रोजी ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, पुरवठा खंडित झाला आणि त्या दिवशी २२ रुग्ण दगावले. अशा घटनेनंतर रुग्णवाहिकेचा भोंगा किंवा सिलिंडर सरकवल्याचा आवाजही मेंदूतील धोक्याची यंत्रणा पुन्हा जागी करू शकतो. मग माणूस तो रस्ता टाळतो, तो विषय टाळतो, शेवटी माणसेही टाळतो. ‘आपण काहीच करू शकलो नाही’ हा सल त्याला गप्प करतो. घरच्यांना मात्र तो कोरडा झाल्यासारखा वाटतो, आणि हा गैरसमज फार क्लेशदायक असतो. शिवाय कोविडकाळात अंत्यविधी मोजक्या माणसांत उरकावे लागले, सांत्वनाला कोणी येऊ शकले नाही. दुःख वाटून घेण्याची रीतच खुंटली.

बहुतेक जण काही आठवड्यांत सावरतात. त्रास महिन्याहून अधिक टिकल्यास आघातोत्तर ताण विकाराची तपासणी करावी. उपचारात आधी सुरक्षितता आणि झोप, मग प्रशिक्षित तज्ज्ञासोबत आठवणींवर काम असा क्रम असतो. घटना लगेच बोलून दाखवण्याचा आग्रह धरू नये. ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत समुपदेशन मिळते.