भाजलेली त्वचा, पोळलेले मन

माझी धाकटी बहीण सहा वर्षांची असताना बंबातल्या कढत पाण्याने भाजली. रुग्णालयात रोज सकाळी पट्ट्या बदलण्याची वेळ झाली, की ती माझा हात घट्ट धरून म्हणे, "ताई, आज पट्टी नको ना गं!" यथावकाश जखमा भरल्या. परंतु घरी आल्यावर ती अंथरूण ओले करू लागली, अंगठा चोखू लागली, न्हाणीघराच्या दाराशी थरथर कापू लागली. 'लाडावली आहे,' असे आम्ही सर्वांनी ठरवून टाकले. पुढे मानसशास्त्र विषय घेतल्यावर कळले, की आमचे चुकले होते.

भाजलेल्या माणसाच्या मनाकडे वैद्यकाचे लक्ष वेधले ते एका भीषण दुर्घटनेमुळे. २८ नोव्हेंबर १९४२ रोजी अमेरिकेतील बोस्टन शहरात 'कोकोनट ग्रोव्ह' या नाइटक्लबला आग लागून ४९२ माणसे मृत्युमुखी पडली. वाचलेल्यांची शुश्रूषा करताना कॉब आणि लिंडेमान या मनोविकारतज्ज्ञांना आढळले, की जखम भरली तरी शोक व भीती मागे उरतात. १९६० नंतरच्या दशकात श्राइनर्स या संस्थेने भाजलेल्या मुलांसाठी खास रुग्णालये काढली. बोस्टनच्या अशा रुग्णालयात शल्यचिकित्सकांच्या बरोबरीने बालमनोविकारतज्ज्ञही काम करू लागले.

या तज्ज्ञाला शिकावे तरी काय लागते? पहिली गोष्ट म्हणजे वेदना ओळखणे. लहान मूल वेदना शब्दांत मांडू शकत नाही, म्हणून त्याला हसऱ्यापासून रडक्यापर्यंतचे चेहरे दाखवून 'तुझे दुखणे यांतले कोणते?' असे विचारतात. वेदनेचा मनाशी किती निकटचा संबंध आहे, हे २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले. भाजलेल्या २४ मुलांपैकी ज्यांना रुग्णालयात मॉर्फिन अधिक प्रमाणात मिळाले होते, त्यांच्यातील आघाताची लक्षणे पुढील सहा महिन्यांत अधिक कमी झाली. मुले थोडी, त्यामुळे हा अखेरचा निष्कर्ष नव्हे. परंतु 'लहान आहे, रडेल आणि विसरेल' या समजुतीला त्याने धक्का दिला.

दुसरी गोष्ट म्हणजे मुलाच्या हाती थोडा अधिकार देणे. पट्टी बदलण्यापूर्वी त्याला खरे सांगावे. 'मुळीच दुखणार नाही' असे खोटे आश्वासन देऊ नये. आधी कोणती पट्टी सोडायची, हे त्याला ठरवू द्यावे. बाहुलीला पट्टी बांधण्याच्या खेळातून मनातली भीती बाहेर येते. अंगठा चोखणे, अंथरूण ओले करणे हा हट्ट नव्हे. घाबरलेले मन मागच्या, सुरक्षित वयाकडे धाव घेत असते.

तिसरी गोष्ट आईवडिलांची. 'माझ्याच हलगर्जीपणामुळे झाले,' ही टोचणी माझ्या आईला वर्षानुवर्षे छळत होती. त्या काळात तिच्याशी त्याविषयी कोणी बोलले असते, तर तिचे ओझे हलके झाले असते.

आणि शेवटची गोष्ट शाळेची. मूल परतण्यापूर्वी वर्गाला व्रणांविषयी समजावून सांगणे, हाही उपचाराचाच भाग मानतात. माझी बहीण वर्गात गेली तेव्हा सगळे गप्प झाले होते. मग एका मुलीने विचारले, "अजून दुखतं का गं?" बहीण म्हणाली, "थोडं." त्या दिवशी ती हसत घरी आली. मनोविकारतज्ज्ञ प्रत्येक गावात असेलच असे नाही. पण तो प्रश्न विचारायला तुम्हां-आम्हांला पदवी लागत नाही.