रोस्सीची हिब्रू स्तोत्रं: पाच गळे की भरलेला कॉयर?

इटलीतल्या मांतुआच्या गोन्झागा दरबारात संगीतकार मोन्तेव्हेर्दी नोकरीला होता, तेव्हा तिथेच सालामोने रोस्सी नावाचा ज्यू संगीतकार व्हायोलिन वाजवत असे. ज्यूंना कपड्यांवर पिवळी खूण लावावी लागे. ड्यूकने रोस्सीला ती १६०६ मध्ये माफ केली. याच रोस्सीने सिनेगॉगसाठी हिब्रू प्रार्थना आणि स्तोत्रं तीन ते आठ आवाजांत बांधली. त्या ३३ रचना १६२३ च्या सुमारास व्हेनिसमध्ये छापल्या गेल्या.

हे धाडस होतं. जेरुसलेमचं मंदिर पडल्यापासून संगीत म्हणजे शोकाच्या काळातला उत्सव, असं मानणारे अनेक होते. रब्बी लेओन मोदेना रोस्सीच्या पाठीशी उभे राहिले. छपाईची अडचण आणखी वेगळी. स्वरलिपी डावीकडून उजवीकडे जाते, हिब्रू उजवीकडून डावीकडे. छापणाऱ्यांनी दोन्हींना हात लावला नाही. गाणाऱ्याची नजर सुरांबरोबर पुढे जायची आणि प्रत्येक शब्दापाशी उलटी फिरायची!

प्रत्येक आवाजाची वही वेगळी. ती एकाने गायची की दहांनी, हे गाणाऱ्यांनी ठरवायचं. म्हणूनच आजची ध्वनिमुद्रणं एकमेकांपासून इतकी दूर आहेत. बॉस्टनचा झमीर कोराल हा जोशुआ जेकबसन यांनी १९६९ मध्ये सुरू केलेला कॉयर. स्त्री-पुरुष मिळून, एकेका ओळीला अनेक जण गातात. ‘प्रोफेती देल्ला क्विंता’ हा एलाम रोतेम यांचा मूळचा इस्रायली संच, आता बाझेलला असतो. सगळे पुरुष, वरच्या पट्टीतही पुरुषच, एका ओळीला एकच गळा.

बाबिलोनच्या नद्यांकाठी बसून रडणाऱ्या बंदिवानांचं स्तोत्र घ्या. रोस्सीने इथे चारही आवाजांना बरेचसे शब्द एकदम उच्चारायला लावले आहेत. मोठ्या कॉयरमध्ये ते लाटेसारखे येतात, दुःख सगळ्या समाजाचं होतं. पण व्यंजनांच्या कडा बोथट होतात. एकेक गळा असला की श्वास कुठे घेतला, कुठला स्वर मुद्दाम टोचून ठेवला, सगळं कळतं. मला ते टोचणं हवं असतं. हेडफोन लावून ऐकताना चारही ओळी बोट ठेवून दाखवता येतात.

पाच आवाजांच्या ‘कद्दीश’बद्दल मात्र माझं मत उलट आहे. ही प्रार्थना शोक करणारेही म्हणतात, पण तिच्यात मृत्यूचा उल्लेख नाही. आहे ती ईश्वराची स्तुती. रोस्सीने तिला नाचाची चाल दिली आहे. तिथे माणसं जितकी जास्त, तितकी मजा. झमीरसारखा भरलेला कॉयरच हवा.

१६३० मध्ये सम्राटाच्या फौजांनी मांतुआ लुटली, ज्यूंची वस्ती उद्ध्वस्त झाली. रोस्सीचा माग त्यापुढे लागत नाही. त्याची स्तोत्रं १८७७ मध्ये पॅरिसला सिनेगॉगचे गायक नाउम्बुर्ग आणि संगीतकार व्हँसाँ दँदी यांनी पुन्हा छापली, म्हणून आज आपल्याला ऐकता येतात. नव्याने ऐकणाऱ्यांनी सुरुवात प्रोफेतींपासून करावी, आणि ‘कद्दीश’ आली की झमीरकडे वळावं.