हायसिंथबाई, सिबिलबाई आणि आपण

ऑक्टोबर २०२५ हा महिना ब्रिटिश विनोदी मालिकांच्या चाहत्यांना जडच गेला. ३ तारखेला पॅट्रिशिया रूटलेज गेल्या, वयाच्या ९६व्या वर्षी. २७ तारखेला प्रुनेला स्केल्स गेल्या, ९३व्या वर्षी. पहिली ‘कीपिंग अप अपिअरन्सेस’मधली हायसिंथ, दुसरी ‘फॉल्टी टॉवर्स’मधली सिबिल. आमच्या महिला मंडळात फराळाच्या ऑर्डरी सांभाळता सांभाळता या दोघींवरच बोलणं चाललं होतं. आणि मग व्हायचा तो वाद झालाच, की सगळ्यात चांगली ब्रिटिश विनोदी मालिका कोणती?

तुम्ही म्हणाल, तालुक्याच्या गावात हे खूळ कुठून आलं? अहो, आपण सगळ्याजणी हे अर्धं पाहिलेलंच आहे, फक्त हिंदीतून. १९९३ साली सुरू झालेली पंकज कपूरची ‘जबान संभालके’ आठवते ना? ती ‘माइंड युवर लँग्वेज’ या ब्रिटिश मालिकेवरून घेतलेली. आणि २००१ साली स्टार प्लसवर फारुख शेख मंत्री झाले होते ती ‘जी मंत्रीजी’ म्हणजे ‘येस मिनिस्टर’चा हिंदी अवतार. आता मोबाइलवर मूळ मालिकांचे तुकडे सापडतात, खाली इंग्रजी अक्षरं येतात. आमच्यातल्या एका काकूंचं इंग्रजी जेमतेम, पण तिसऱ्या भागापासून त्या आमच्या आधी हसायला लागल्या. चेहरे वाचता येत असले की भाषेवाचून फार अडत नाही.

तिकडेही हा वाद जुनाच आहे. २००४ साली बीबीसीने प्रेक्षकांचा कौल घेतला. पहिली आली ‘ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस’, दुसरी ‘ब्लॅकॅडर’, तिसरी ‘द व्हिकार ऑफ डिब्ली’, मग ‘डॅड्स आर्मी’ आणि पाचवी ‘फॉल्टी टॉवर्स’. त्याआधी २००० साली ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने जाणकारांकडून यादी करवली, तिच्यात मात्र ‘फॉल्टी टॉवर्स’ सगळ्या प्रकारच्या कार्यक्रमांत पहिली! म्हणजे जाणकारांचं एक, जनतेचं दुसरं. आपल्याकडेही वेगळं काय असतं म्हणा.

मी ती प्रेक्षकांची पहिली दहाची यादी जरा बाईच्या नजरेने पाहिली. दहांपैकी जिची नायिका ठामपणे एक स्त्री आहे अशी मालिका एकच, ‘द व्हिकार ऑफ डिब्ली’. आणि दहा मालिकांच्या मूळ लेखकांत बाई एकच, ‘फॉल्टी टॉवर्स’ची कॉनी बूथ. एरवी घरातलं, शेजारचं, नवराबायकोचं सगळं पुरुषांनीच लिहिलेलं. बरं लिहिलंय, नाही असं नाही.

‘फॉल्टी टॉवर्स’ म्हणजे इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या टॉर्की गावातलं एक हॉटेल. मालक बेसिल (जॉन क्लीज) गिऱ्हाइकांवर खेकसणारा, मोठ्या लोकांपुढे गोंडा घोळणारा. असा एक हॉटेलवाला क्लीज यांना १९७० साली टॉर्कीत खरोखर भेटला होता, त्यावरून हे पात्र सुचलं. क्लीज आणि कॉनी बूथ तेव्हा नवराबायको. १९७५ साली पहिले सहा भाग आले, दुसरे सहा १९७९ साली, आणि मधल्या काळात दोघांचा घटस्फोटही झाला. तरी एकत्र बसून त्यांनी पुढचे सहा भाग लिहिले, आणि कॉनीने त्यात पॉली ही कामसू मुलगीही साकारली. पुढे तिने अभिनय सोडला आणि ती मानसोपचारतज्ज्ञ झाली.

एकूण भाग फक्त बारा! आपल्या ‘चार दिवस सासूचे’चे तीन हजारांवर झाले. मी त्या मालिकेला नावं ठेवत नाही, माझ्या सासूबाईंची संध्याकाळ तिनेच निभावली. पण बारा भागांत एक वाक्य इकडचं तिकडे झालेलं चालणार नाही अशी बांधणी दिसते, ती रोज एक भाग पाडताना कशी जमणार?

आणि सिबिल! नवरा तिला घाबरतो म्हणून ती कजाग, असं सगळे म्हणतात. नीट पाहा. पैशांचा हिशेब तिला कळतो, तक्रार करणाऱ्या पाहुण्याला तीच शांत करते, नवऱ्याने घातलेला गोंधळ तीच निस्तरते. मधूनच फोनवर मैत्रिणीशी हुंकार देत गप्पा मारते. मारू दे की! खानावळ चालवणारी, दुकानाच्या गल्ल्यावर बसणारी कुठलीही बाई सिबिलला पहिल्या भागातच ओळखेल. प्रुनेला स्केल्स यांना पुढे स्मृतिभ्रंश झाला, तरी २०१४ पासून काही वर्षं त्या नवऱ्याबरोबर होडीतून कालव्यांच्या सफरीचा कार्यक्रम करत राहिल्या.

एक खटकतं. बार्सेलोनाहून आलेला वेटर मॅन्युएल सतत मार खातो, कारण त्याला इंग्रजी येत नाही. स्पेनमध्ये मालिका दाखवताना त्याला चक्क इटालियन करून टाकलं होतं. तो नट अँड्र्यू सॅक्स स्वतः लहानपणी नाझींच्या जर्मनीतून आईवडिलांबरोबर इंग्लंडला आलेला. इथे हसू शेवटी बेसिलच्याच मूर्खपणावर येतं, म्हणून मी सोडून देते. ‘माइंड युवर लँग्वेज’ला मात्र तेवढी सूट देववत नाही. १९७७ ते ७९ अशी चाललेली ही मालिका लंडनच्या इंग्रजी शिकवणीवर्गातली. वर्गात एक भारतीय गृहिणी आहे, जमिला. तिला इंग्रजी येत नाही आणि ती सारखी विणकाम करत बसलेली असते. मुलाकडे परदेशी गेलेली, दुकानात तोंड उघडायला घाबरणारी एखादी आई मला तिच्यात दिसते, आणि हसता हसता घशात अडकतं. प्रत्येक देशाच्या माणसाला एकाच साच्यात बसवलंय, ही टीका तिकडे तेव्हाही झाली आणि त्यावरूनच मालिका थांबवली गेली. आपल्या ‘जबान संभालके’ने हेच उलटं फिरवलं. वर्ग हिंदीचा, आणि चुका करणाऱ्यांत आपले विजू खोटेही! आपण आपल्यालाच हसलो, म्हणून ते गोड लागलं.

मंडळातल्या दोघींनी ‘येस मिनिस्टर’ला मत दिलं. सरकारी कचेऱ्यांच्या पायऱ्या चढणाऱ्या कुणालाही ही मालिका पाठ व्हावी. मंत्री हॅकर उत्साही, सचिव सर हम्फ्री गोडबोल्या, आणि काम जागच्या जागी. १९८१ सालच्या एका भागात एक नवंकोरं रुग्णालय आहे. तिथे प्रशासनाचे आणि इतर मिळून पाचशे कर्मचारी आहेत, रुग्ण एकही नाही, आणि स्वच्छतेत ते अव्वल आहे! रुग्णच नाहीत तर घाण कोण करणार? आमच्या भागात एका गावी इमारत उभी राहून रंगसुद्धा उडायला लागला तरी डॉक्टर आलेला नव्हता. त्या गावच्या बायकांना हा भाग मी मराठीत सांगितला, तेव्हा ज्या हसल्या त्या हसल्याच. दुसऱ्या दिवशी निवेदनावर सह्या द्यायला आधी काचकूच करणाऱ्या पाचसहाजणी आपणहून आल्या.

१९८२ सालचा एक भाग तर खास आपल्यासाठी आहे. मंत्री ठरवतात, वरच्या जागांवर चार वर्षांत पंचवीस टक्के बायका हव्यात. सगळे सचिव म्हणतात, तत्त्वतः एकदम मान्य! फक्त प्रत्येकाच्या खात्यात काहीतरी अडचण. शेवटी ज्या हुशार अधिकारी बाईला बढती द्यायची, तीच राजीनामा देऊन खाजगी नोकरीत निघून जाते. तिला कुणाच्या धोरणाचा नमुना व्हायचं नसतं, काम करायचं असतं. ‘तत्त्वतः मान्य’ हे शब्द आता मी मीटिंगमध्ये ऐकले की शेजारच्या बाईकडे बघतसुद्धा नाही, हसू फुटेल म्हणून.

‘द व्हिकार ऑफ डिब्ली’ची गोष्टही अशीच. इंग्लंडच्या चर्चने १९९२ साली बायकांना धर्मगुरू होऊ द्यायचं ठरवलं, १९९४ च्या मार्चमध्ये पहिल्या स्त्रियांना दीक्षा मिळाली आणि त्याच नोव्हेंबरमध्ये ही मालिका आली. खेडेगावातल्या चर्चला नवा धर्मगुरू हवा असतो, आणि दार उघडून येते जाडजूड, हसरी, चॉकलेटवर जीव असणारी जेराल्डिन (डॉन फ्रेंच). गावचा बडा माणूस डेव्हिड आधी कडाडून विरोध करतो, पुढे तोच तिला लग्नाची मागणी घालतो. ग्रामसमितीच्या सभा तर बघाच, आपल्या ग्रामसभेपेक्षा फार वेगळं काही नाही. नाताळला कुणालाच नाही म्हणता न आल्यामुळे ती एकापाठोपाठ एक घरी पोटभर जेवत सुटते. संक्रांतीला पाच घरची हळदीकुंकवं करून आलेल्यांना जास्त सांगायला नको! ऑक्टोबर २०२५ मध्येच कँटरबरीच्या आर्चबिशपपदी प्रथमच एका स्त्रीची, सारा मुलाली यांची, निवड जाहीर झाली. डिब्ली गाव तीसएक वर्षं पुढे होतं म्हणायचं.

पहिल्या नंबरच्या ‘ओन्ली फूल्स’बद्दल मी थोडक्यात आटोपते. लंडनच्या पेकहॅम भागातले दोन भाऊ, तीन चाकी पिवळी गाडी, पुढच्या वर्षी लखपती होण्याची खात्री. १९९६ च्या नाताळातला भाग २ कोटी ४० लाखांवर लोकांनी पाहिला. माणसं लाघवी आहेत, पण त्यांची बोली मला डोक्यावरून जाते. ‘द गुड लाइफ’चा मात्र आपल्याशी थेट धागा आहे. नोकरी सोडून शहरातल्या घरामागेच भाजी, डुकरं, बकरी पाळणारं जोडपं, आणि त्यातली बार्बरा म्हणजे फेलिसिटी केंडल. ही वाढली भारतात, आईवडिलांच्या फिरत्या नाटक कंपनीत. शशी कपूर यांच्या पत्नी जेनिफर यांची ती धाकटी बहीण. जुहूचं पृथ्वी थिएटर ज्यांनी उभारलं त्या जेनिफर!

आता माझं मत. ‘कीपिंग अप अपिअरन्सेस’, १९९० ते ९५, लेखक रॉय क्लार्क. हायसिंथचं आडनाव बकेट, म्हणजे चक्क बादली. पण ती ठासून सांगते, उच्चार ‘बुके’ करायचा. पाहुण्यांसाठी हाताने रंगवलेल्या फुलांचे कप काढते आणि ते फुटतील म्हणून इतकी नजर ठेवते की शेजारच्या एलिझाबेथचा हात थरथरून कॉफी सांडते. एक बहीण श्रीमंत, तिचं नाव दिवसातून दहादा. दोघी बहिणी गरीब वस्तीत, एकीचा नवरा बनियनवर टीव्हीसमोर लोळणारा. त्यांची खटारा गाडी दारात आली की हायसिंथला लपायला जागा पुरत नाही. मुलगा कधीच दिसत नाही, फक्त फोन करून पैसे मागतो. आणि रिचर्ड! शेजारी बसून बायको सूचना देतेय आणि हा बिचारा गाडी हाकतोय. बीबीसीने परदेशात सर्वांत जास्त वेळा विकलेल्या मालिकांत हिचं नाव अग्रभागी आहे, यात नवल नाही. शोकेसमधले न वापरलेले कप कुठल्या देशात नसतात?

आमच्यातल्या एकजण म्हणाल्या, पण ती किती खोटी! मला ती खोटी वाटत नाही. संकट आलं की ती गरीब बहिणींकडे धावते, म्हाताऱ्या वडिलांना टाकत नाही. ती खरं तर एक जिल्हा चालवू शकली असती. एवढी शिस्त, एवढा आवाज, एवढी चिकाटी, आणि चालवायला मिळालंय काय, तर मेणबत्तीच्या उजेडातली जेवणं! अशा पाच तरी बायका मी बचत गटांत पाहिल्यात. हिशेबाची वही हाती दिली की त्यांचं घरातलं कपांवरून ओरडणं आपोआप कमी झालं.

त्याच रिकाम्या दुपारचं दुसरं उत्तर ‘बटरफ्लाइज’मध्ये आहे, १९७८ ते ८३, आणि ही एका बाईने, कार्ला लेन यांनी, लिहिलेली. रिया (वेंडी क्रेग) हिला स्वयंपाक अजिबात येत नाही. नवरा बेन दातांचा डॉक्टर, फावल्या वेळात फुलपाखरं जमवतो. दोन मोठे मुलगे. कुणीच वाईट नाही, नवऱ्यावर तिचं प्रेमही आहे. तिला लेनर्ड नावाचा एक गृहस्थ भेटतो, तिच्यावर जीव टाकतो, आणि ती बागेत त्याच्याशी बोलत राहते. त्यापलीकडे ती जात नाही. मंडळात या मालिकेवर आम्ही सगळ्यात कमी हसलो आणि सगळ्यात जास्त वेळ बोललो. काकूंनी दोन भाग पाहून विचारलं, “ही घरी जाऊन नवऱ्याला सांगत का नाही, की मला कंटाळा येतो?” उत्तर द्यायला कुणीच पुढे झालं नाही. मग काकूच म्हणाल्या, तिसरा भाग लावा.