दहावीचा निकाल उघडत नाहीये? 'मिरर साइट' कशी चालते, जाणून घ्या

दहावीच्या निकालाच्या दिवशी बोरगाव मेघेत मोबाइलवर पान उघडलेच नाही, तर? घाबरू नका; दुसरे संकेतस्थळ पाहा. १३ मे २०२५ रोजी दुपारी १ वाजता राज्य मंडळाचा निकाल एकाच वेळी अनेक संकेतस्थळांवर आणि डिजिलॉकरवर उपलब्ध झाला. 'मिरर साइट'मागची कल्पना हीच.

मिरर साइट म्हणजे काय?
मूळ माहितीची हुबेहूब प्रत वेगळ्या सर्व्हरवर, वेगळ्या पत्त्यावर ठेवतात. मूळ माहिती बदलली की ठरावीक वेळाने बदललेला भाग प्रतीतही उतरतो. त्यामुळे गर्दी विभागते. एक सर्व्हर बंद पडला तरी दुसरा सुरू राहतो.

काय काळजी घ्याल?
हुबेहूब दिसणारे पान भामटेही बनवतात. पत्ता मंडळाने जाहीर केलेल्या यादीशी ताडून पाहा. निकालाच्या पानावर बैठक क्रमांक आणि आईचे नाव पुरते. पैसे किंवा बँकेचा तपशील मागितला, तर पान लगेच बंद करा.