जादूला अंधार लागत नाही

"दादा, लाइट जरा कमीच ठेवा हं. हात दिसायला नकोत."

जादूच्या प्रयोगांना लाइट लावायला लागल्यापासून हे वाक्य मी नव्या जादूगारांकडून किती वेळा ऐकलंय, याची मोजदाद नाही. स्वतःचे फिरते लाइट घ्यायचे ठरले की याद्याही त्याच समजातून बनतात. निळे-जांभळे रंग फिरवणारे पार म्हणजे डब्याच्या आकाराचे लाइट, एखादी शार्पी म्हणजे अरुंद झोताचा फिरता लाइट, धुराचं मशीन, आणि तोंडावर साधा पांढरा उजेड टाकायला काहीच नाही. शाळेचा हॉल असो की गणपतीचा मंडप, प्रयोग सुरू होतो तो अर्धवट काळोखात. मागच्या रांगांना जादूगाराचा फक्त चकाकणारा कोट दिसतो.

अंधारात जादू लपते, हा समज मुळातच चुकीचा आहे. बाजाराच्या चौकात भर दुपारी वाट्या-गोळ्यांचा खेळ करणारा गारुडी आठवा. डोक्यावर ऊन, चारी बाजूंनी माणसं, ना पडदा ना विंग. तरी गोळा कुठल्या वाटीखाली गेला हे कुणाला सांगता येत नाही. थोरले पी. सी. सरकार यांनी ९ एप्रिल १९५६ रोजी बीबीसीच्या 'पॅनोरमा' कार्यक्रमात मुलीला करवतीने कापण्याचा खेळ केला, तो टीव्ही स्टुडिओच्या लख्ख उजेडात. कार्यक्रम तिथेच संपला आणि मुलीचं काय झालं हे विचारायला प्रेक्षकांनी फोनवर फोन केले.

यावर प्रयोगही झाले आहेत. गुस्ताव कून हे मानसशास्त्रज्ञ स्वतः जादूगार आहेत. त्यांनी आणि बेंजामिन टॅटलर यांनी २००५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. टेबलापलीकडे बसलेल्या माणसासमोर कून यांनी सिगारेट 'गायब' केली. प्रत्यक्षात ती त्यांनी उघड उघड मांडीवर टाकली होती. पहिल्यांदा पाहणाऱ्या बहुतेकांना ते पडणं कळलंच नाही. बघणाऱ्याची नजर नेमकी कुठे आहे हे टिपणारं यंत्र लावलेलं होतं. कुणाला ते दिसलं आणि कुणाला नाही, याचा डोळे कुठे रोखलेले होते याच्याशी संबंध लागला नाही. हातचलाखी लपते ती लक्ष दुसरीकडे गेल्यामुळे. आणि लक्ष वळवायचं तर जादूगाराचा चेहरा, त्याची नजर, त्याचा दुसरा हात हे सगळं स्वच्छ दिसायला हवं. अंधार करून तुम्ही लक्ष वळवायचं साधनच काढून घेता! वर प्रेक्षक सावध होतो. उजेड उतरला की मुलं पुढे सरकतात, मान उंच करतात आणि "आता काहीतरी करतोय बघ" म्हणतात. हे मी दर प्रयोगात पाहतो.

रंगीत उजेडाने तर आणखी घोळ होतो. एका शाळेत पत्त्यांच्या खेळाला "वातावरण हवं" म्हणून जादूगाराने लाल लाइट मागितला आणि मीही तो दिला. त्याने निवडलेला पत्ता दिमाखात वर धरला. ती बदामची अठ्ठी होती. पहिल्या रांगेतून आवाज आला, "कोराच आहे की!" खरंच कोरा दिसत होता. लाल उजेडात पांढरा पत्ता लाल दिसतो, त्यावरचे बदाम लालच, कोपऱ्यातला आकडाही लालच. सगळं एकमेकांत मिसळून जातं. निळ्यात उलटं होतं. लाल रंगाला परत फेकायला लाल किरणच नसतात, म्हणून बदाम काळा पडतो आणि इस्पिकपासून वेगळा ओळखू येत नाही. नुसता उजेड फार उतरवला तरी डोळ्याला रंग कळेनासे होतात आणि लाल सगळ्यांत आधी काळवंडतो. चूक माझीही होती. मी नाही म्हणायला हवं होतं.

यावर हमखास विचारलं जातं, "मग काळ्या पडद्यापुढचा तरंगत्या वस्तूंचा खेळ?" माक्स आउत्सिंगर या जर्मन कलावंताने १८८० च्या दशकात बर्लिनमध्ये तो रंगमंचावर आणला. त्याचं तत्त्व पुस्तकांतून शंभराहून अधिक वर्षं छापून येतंय, त्यामुळे मी कुणाचं गुपित फोडत नाही. त्या खेळातही उजेड असतोच, आणि भरपूर असतो. मंचाच्या कडेचे दिवे प्रेक्षकांकडे तोंड करून लावतात, त्याने डोळ्याची बाहुली आकसते आणि मागची काळी मखमल आणखी काळी वाटते. अंधाराचा म्हणून सांगितला जाणारा खेळसुद्धा उजेड नेमका कुठे टाकायचा यावर उभा आहे.

तेव्हा पहिले पैसे पांढऱ्या उजेडावर घाला. लाल-हिरवा-निळा मिसळून केलेला पांढरा चालत नाही, त्यात चेहरा आजारी दिसतो. पारमध्ये खरा पांढरा किंवा वॉर्म व्हाइट एलईडी हवा आणि सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात याचा आकडा, ९० च्या वर हवा. असे चार पार, दोन उंच स्टँड. एक स्टँड डावीकडे पुढे, एक उजवीकडे पुढे, उजेड दोन्हीकडून साधारण ४५ अंशांनी वरून. अमेरिकेत येल विद्यापीठात शिकवणाऱ्या स्टॅन्ली मॅककँडलेस यांनी १९३२ मध्ये ही पद्धत पुस्तकात मांडली. जादूला ती फार उपयोगी आहे, कारण बोटांची सावली चेहऱ्यावर पडत नाही आणि टेबलावरची वस्तू दोन्ही कडांनी उठून दिसते. मागून एक-दोन रंगीत पार द्या. हौस तिथे भागवा.

बाकीचे समज थोडक्यात.

जास्त वॉट म्हणजे जास्त उजेड? जुन्या हॅलोजन पारला लागणाऱ्या विजेच्या काही अंशात एलईडी तेवढा उजेड देतो. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो, म्हणून वॉटपेक्षा स्टँड कुठे उभा राहणार हे आधी ठरवा. खोक्यावर '५४ बाय ३ वॉट' लिहिलंय म्हणून पार १६२ वॉट घेतो असंही नाही. मागच्या पट्टीवरचा आकडा वाचा.

हॉलच्या प्लगवर सगळं चालतं? एक हजार वॉटचा हॅलोजन २३० व्होल्टवर चार अँपिअरहून जास्त खेचतो. असे चार म्हणजे सतरा, आणि तिथला मोठा सॉकेट असतो सोळाचा.

लाइट कंट्रोल करणाऱ्या डीएमएक्स सिग्नलला माइकची केबल चालते? थोड्या अंतरावर चालल्यासारखी वाटते. नेमक्या वेळी पार लुकलुकायला लागतात.

डोळ्याला स्थिर दिसतो तो उजेड मोबाइलमध्येही स्थिर? स्वस्त डिमरचा एलईडी उतरवला की व्हिडिओत पट्टे येतात. घेण्याआधी फोनवर शूट करून बघा.

एलईडी तापत नाही, म्हणून आगीची भीती नाही? मागचा भाग तापतो, वायरिंगमुळेही आग लागते, आणि मंचावरची सजावट पटकन पेटते. ९ मे १९११ रोजी एडिंबरोच्या एम्पायर पॅलेस थिएटरात द ग्रेट लफायेत या जादूगाराच्या प्रयोगात मंचावरच्या एका कंदिलाने पेट घेतला आणि आग सजावटीत पसरली. सुरक्षेचा पडदा खाली आला, प्रेक्षक वाचले. लफायेत आणि त्याच्या मंडळीतले अनेक जण त्या आगीत गेले. त्यामुळे पडद्यापासून लाइट हातभर तरी दूर, अर्थिंगची पिन कापलेला बोर्ड वापरायचा नाही, आणि स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी. त्याशिवाय मी मेन चालू करत नाही.

लाइट विकत घ्यायला गेलात की दुकानात पत्त्यांचा कॅट घेऊन जा. बदामची अठ्ठी आणि इस्पिकची अठ्ठी कुणाच्या तरी हातात द्या, शेवटची रांग जेवढी लांब असेल तेवढे मागे जा आणि कोणती कुठली ते सांगा. सांगता आलं तर तो पार घ्या.